‘दोन आठवड्यांत सरळ करतो’ म्हणणाऱ्याला घोडा देऊ नका

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

या ताईंनी तीन वर्षांपूर्वी एका प्राणी बचाव संस्थेकडून घोडा घरी आणला. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. बरगड्या मोजता येत होत्या, नाकाडावर दोरीचे जुने वण होते. आज तो अंगाने भरलाय, पण भीती गेलेली नाही. हात वर गेला की मान फेकतो, दोरी दिसली की मागे सरतो, खूर उचलू देत नाही. नालबंद यायचा म्हटलं की घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. सोबत एक म्हातारी घोडी होती, ती मागच्या वर्षी गेली. चार महिन्यांपूर्वी वाऱ्याने ताडपत्री फडफडली, घोडा बुजला आणि बाहेर पळताना त्याने ताईंना फाटकावर दाबलं. मनगट मोडलं. आता घरच्यांचं म्हणणं आहे की दोन महिन्यांत त्याची दुसरीकडे सोय करायची. चौदा वर्षांच्या मुलीच्या हातून तो खातो, त्यामुळे ‘तो फक्त माझं ऐकतो’ म्हणून ती आईशी अबोला धरून बसली आहे. घोडा न्यायला दोघं तयार आहेत. एक, तीस वर्षं घोड्यांमध्ये काढलेले गृहस्थ, जे म्हणतात, ‘दोन आठवड्यांत सरळ करून दाखवतो.’ दुसरं, मोठी मोकळी जागा असलेलं एक प्रेमळ कुटुंब; घोडा पाळायची त्यांची ही पहिलीच वेळ. ताई विचारतात, यातल्या कोणाला देऊ? आणि ज्याचा जीव वाचवून आणला, त्याला असं दुसऱ्याच्या दारात नेऊन बांधणं हा विश्वासघात नाही का?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मनगटापाशी थांबले. दुसऱ्यांदा त्या म्हाताऱ्या घोडीपाशी. तिच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे आणि लगेच पुढे गेला आहात. मला तिथेच अडकायला झालं, तेव्हा तिच्याकडे मी परत येणार आहे.

आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते, कारण घरात दोन महिन्यांची मुदत चालू आहे. या दोघांपैकी कोणालाही देऊ नका. त्या कुटुंबाचं मन चांगलं असेल, तुमचंही चांगलंच आहे. पण तीन वर्षं चांगल्या मनाने जे झालं नाही, ते दुसऱ्या चांगल्या मनाने होईल असं धरून चालता येत नाही. उलट त्यांच्या घरी तुम्हाला जे तीन वर्षांत कळलं तेवढंही कोणाला ठाऊक नसेल, आणि पहिल्याच महिन्यात त्यांच्यापैकी कोणाचं तरी मनगट जाईल. मोठी मोकळी जागा ही तर अशा घोड्यासाठी सुरुवातीला अडचणच असते. जो हाताला येत नाही, तो पाच एकरांत सोडला की महिनाभर कोणाच्या हाती लागत नाही. मग चार माणसं दोऱ्या घेऊन त्याला कोपऱ्यात गाठतात, आणि तीन वर्षांची कमाई एका दुपारी जाते.

त्या गृहस्थांबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल. तुम्ही त्यांच्याकडे झुकला आहात असं पत्रावरून वाटतं, आणि ‘अनुभवी माणूस हवा’ हे वाक्य तुम्ही पाच वेळा लिहिलं आहे.

घाबरलेला घोडा दोन आठवड्यांत ‘सरळ’ होताना मी पाहिला आहे. कसा होतो ते सांगते. त्याला आखूड दोरीने पक्क्या खांबाला बांधतात. ज्याची भीती आहे ती वस्तू, प्लास्टिकची पिशवी म्हणा, ताडपत्री म्हणा, त्याच्या अंगावर फिरवत राहतात. तो झटके देतो, घामाने निथळतो, दोरीशी झगडतो. सुटका नाही हे कळलं की केव्हातरी तो थांबतो. बघणारे म्हणतात, बघा, शांत झाला. त्या घोड्याच्या जवळ जाऊन बघा. कान एकाच जागी थिजलेले असतात, आवाजाकडे वळत नाहीत. डोळ्यांच्या वरची कातडी ताणून त्रिकोणी सुरकुती पडलेली असते. ओठ घट्ट मिटलेले, हनुवटी आवळलेली. पुढ्यात चारा धरला तर तोंड लावत नाही. या घोड्याची भीती गेलेली नसते, त्याने भीती दाखवणं सोडलेलं असतं. भीती दाखवणारा घोडा तुम्हाला सावध तरी करतो. ज्याने ती दाखवणं सोडलं, तो एखाद्या दिवशी कसलीही सूचना न देता फुटतो, आणि तेव्हा त्याच्या पाठीवर कोणीतरी असतं.

त्या गृहस्थांची पद्धत हीच असेल असं मी ठामपणे म्हणू शकत नाही, त्यांना मी पाहिलेलं नाही. पण घोडा न बघता जो मुदत सांगतो, त्याने घोड्याला विचारलेलं नसतं. ‘अनुभवी’ या शब्दाचा अर्थच आपल्याला इथे नीट लावावा लागेल. तीस वर्षं रपेट मारलेला, कुठल्याही घोड्यावर मांड ठोकून बसणारा माणूस अनुभवी असतोच. तुमच्या घोड्याला मात्र निराळा अनुभव लागतो, भीती मोठी होण्याआधी ती ओळखण्याचा. घोडा दोरीच्या दाबाने शिकत नाही, दाब कधी सुटला त्यावरून शिकतो. मान फेकल्यावर दोरी सैल पडली, तर मान फेकावी हे तो शिकला. मान फेकायच्या आधी, नुसता श्वास रोखला त्या क्षणी माणूस अर्धा पाऊल मागे आला, तर इथे नुसतं थांबलं तरी चालतं हे तो शिकतो. दोन्हींत फरक एखाद्या सेकंदाचा असतो. तो सेकंद ज्याला दिसतो, तो तुमच्या कामाचा माणूस. त्याने आयुष्यात एकही शर्यत जिंकलेली नसली तरी चालेल.

आता विश्वासघाताबद्दल. हा शब्द तुम्ही वापरलात तेव्हा मला माझी एक घोडी आठवली.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच एक घोडी होती. मला झेपेना. ती न्यायला एक भला माणूस आला, आणि मी त्याला सांगितलं, ‘जरा बुजरी आहे, बाकी गुणी आहे.’ दोन्ही खरं होतं. मी न सांगितलेली गोष्ट अशी की उजव्या बाजूने कोणी अचानक आलं की ती दुगाण्या झाडायची. सांगितलं असतं तर त्याने नेली नसती, ही मला धास्ती. दोन महिन्यांत त्याला लाथ बसली. त्याने ती तिसऱ्याला दिली, तिसऱ्याने चौथ्याला. मला पत्ता लागला तेव्हा ती पाचव्या दारात होती आणि आता दोन्ही बाजूंनी लाथ मारत होती. मी तिला परत आणलं. ती पुढे नऊ वर्षं माझ्याकडे होती, पण उजव्या बाजूला ती शेवटपर्यंत मला एका हाताच्या अंतरावर ठेवायची.

म्हणून मी तुम्हाला एवढंच सांगू शकते की घोडा दुसऱ्याला देण्यात विश्वासघात नव्हता. ‘जरा बुजरी आहे’ या तीन शब्दांत होता.

तुमच्या घोड्यापुढे अजून पंधरा वर्षं तरी आहेत. अकरा वर्षांचा घोडा म्हणजे तरणा घोडा. चांगली निगा राखली तर घोडी-घोडे पंचवीस-तीस वर्षं जगतात. ती पंधरा वर्षं त्याने तुमच्याच फाटकात, तुम्ही श्वास रोखून त्याच्याभोवती वावरताना काढावीत, हे त्याच्यासाठी सुखाचं आहे का? श्वास रोखण्याचं मी उगाच म्हणत नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2009 साली एक साधा प्रयोग मांडला होता. माणसांनी घोड्याला हाताशी धरून किंवा वर बसून ठरलेल्या दोन टोकांमध्ये चार वेळा न्यायचं. चौथ्या खेपेच्या आधी माणसांना सांगितलं, या वेळी घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरीही माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि त्यांच्यासोबत घोड्यांचेही. घोड्याला छत्रीतलं काही माहीत नव्हतं. त्याला सोबतचं माणूस कळलं. मनगट मोडल्यापासून तुम्ही रोज त्या उघडणाऱ्या छत्रीची वाट बघत आत जात आहात. यात तुमचा दोष नाही, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पण घोड्याला त्यातून रोज हेच कळतंय की इथे घाबरण्यासारखं काहीतरी नक्की आहे.

आता त्या म्हाताऱ्या घोडीकडे येऊ.

ती गेल्यापासून तुमचा घोडा एकटा आहे ना? तुम्ही स्पष्ट लिहिलेलं नाही, पण दुसऱ्या कुठल्या जनावराचा उल्लेखही नाही. तसं असेल तर मला सांगा, गेल्या वर्षभरात तुम्ही त्याला आडवं पडून झोपलेलं कधी पाहिलंत? घोडा उभ्या-उभ्या डुलकी काढतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण गाढ, स्वप्नांची झोप त्याला आडवं झाल्याशिवाय मिळत नाही. आणि कोणीतरी जागं राहून राखण करतंय याची खात्री असल्याशिवाय भित्रा घोडा आडवा होत नाही. मग तो उभ्यानेच गाढ झोपेत जातो आणि गुडघ्यांतून कोसळतो. उद्या सकाळी त्याच्या पुढच्या पायांचे गुडघे आणि खुरांच्या वरचे सांधे समोरून बघा. केस झिजलेले, खपल्या धरलेल्या दिसल्या तर तुमच्या घोड्याला महिनोन्महिने झोप नाही. तशा अवस्थेत ताडपत्रीला तो कसा वागला त्यावरून त्याचा स्वभाव ठरवणं बरोबर नाही.

दुखण्याचंही तसंच. त्याचे दात शेवटचे कधी तपासले? घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात, कडा धारदार होतात आणि गालाला, जिभेला आतून कापतात. तोंडाशी हॉल्टर (धरायला-बांधायला डोक्यावर चढवतात तो पट्ट्यांचा किंवा दोरीचा साज) नेला की मान फेकण्याचं ते एक साधं कारण असू शकतं. त्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं, चारा असो वा नसो. ताणात राहणाऱ्या, तासन्‌तास रिकाम्या पोटी उभ्या असणाऱ्या घोड्यांना जठरात व्रण होतात आणि मग पोटाच्या बाजूला हात लावू देत नाहीत. पाठ, खूर, आणि डोळेही. एका डोळ्याने कमी दिसणारा घोडा त्या बाजूने आलेल्या प्रत्येक गोष्टीला दचकतो. तो हात लावू देत नसेल तर पशुवैद्य त्याला गुंगीचं औषध देऊन तपासू शकतात. हे सगळं एकाच भेटीत करून घ्या, आणि घोडा देण्याचा निर्णय कायम असला तरी करून घ्या. नव्या माणसाला तो कागद लागणारच आहे.

‘म्हणजे घोडा ठेवू का?’ असं तुम्ही विचाराल. ठेवण्याचा एक रस्ता आहे आणि तो मी नाकारणार नाही. जोडीला दुसरा शांत घोडा, आठवड्यातून दोन-तीनदा येणारा जाणता माणूस, आणि तोवर तुम्ही व मुलीने कुंपणाबाहेरूनच चारापाणी करायचं. सहा महिने. पण हा रस्ता त्याच्यासाठी आहे ज्याला त्या फाटकातून पुन्हा आत जायचं आहे. तुमच्या पत्रात ‘त्याचं कसं होईल’ हे ठायी-ठायी आहे, ‘मला त्याच्याजवळ राहायचंय’ हे कुठेच नाही. मी चूक वाचत असेन तर पत्राचा हा भाग सोडून द्या. बरोबर वाचत असेन, तर न लाजता घोडा द्या. कर्तव्य म्हणून आत येणारं माणूस घोड्याला ओळखू येतं.

मग द्यायचा कोणाला आणि कसा?

सगळ्यात आधी तीन वर्षांपूर्वीचा कागद काढा. बचाव संस्थांच्या दत्तक-करारात बहुधा एक अट असते की घोडा सांभाळणं झालं नाही तर तो आधी संस्थेलाच परत द्यायचा, परस्पर कोणाला द्यायचा नाही. तशी अट असेल तर तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. अट नसली तरी त्यांना फोन करा. माणसाला कमीपणा वाटतो, हरल्यासारखं वाटतं, म्हणून लोक हा फोन टाळतात. पण त्यांच्याकडे अशा घोड्यांना हाताळणाऱ्यांची ओळख असते, आणि तुम्हाला आज ओळखीचीच गरज आहे.

मग एक पान लिहा. जाहिरात लिहायची नाही, घोड्याची कुंडली लिहायची, आणि ती मुलीला बरोबर घेऊन लिहा. तिला त्याच्याबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहिती असण्याची शक्यता आहे. ‘भित्रा आहे, अनुभवी माणूस हवा’ यातून कोणाला काही कळत नाही. असं लिहा: ‘डाव्या बाजूने मानेपासून खांद्यापर्यंत हात लावू देतो. कानाच्या वर हात गेला की मान फेकून दोन-तीन पावलं मागे सरतो. बांधून ठेवता येत नाही, दोनदा दोरी तोडली आहे. पुढचे खूर चार-पाच सेकंद उचलतो, मागचे अजिबात नाही. मागून कोणी धावत आलं की लाथ झाडतो. तीन वर्षांत कोणी पाठीवर बसलेलं नाही. अमुक महिन्यात ताडपत्रीला बुजून माणसाला फाटकावर दाबलं, मनगट मोडलं.’ यातली एकही ओळ मवाळ करू नका. आणि मग त्याच पानावर त्याला काय आवडतं तेही लिहा. मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथे खाजवलेलं आवडतं का? कामार्ग जातीच्या घोड्यांवरच्या 1993 सालच्या एका अभ्यासात त्या जागी खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात असं दिसलं होतं; घोडे एकमेकांनाही तिथेच खाजवतात. नव्या माणसाला हात लावायला पहिली जागा कुठली, हे या पानावरून कळलं पाहिजे.

हे पान वाचून दहातले नऊ जण परत फोन करणार नाहीत. करू नयेच त्यांनी.

जो दहावा येईल, त्याला घोडा तयार करून दाखवू नका. पकडून, खरारा करून, दोरी लावून उभा करू नका, आणि गुंगीचं औषध तर मुळीच देऊ नका. घोडा रोजच्यासारखा मोकळा असू द्या, आणि तुम्ही घोड्याकडे बघण्याऐवजी माणसाकडे बघा. पहिली दहा मिनिटं तो कुठे उभा राहतो? सरळ घोड्याच्या तोंडाशी चालत जाऊन कपाळाला हात लावायला निघाला, तर चहापाणी करून निरोप द्या. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी पुढ्यातलं आणि शेपटीच्या बरोबर मागचं दिसत नाही. कपाळाकडे येणारा हात त्याच्या नजरेतून मध्येच नाहीसा होतो. हे जाणणारा माणूस खांद्याच्या बाजूने येतो, वाकडातिकडा, रमतगमत, आणि घोड्याने कान वळवले की थांबतो. काही जण आत जातच नाहीत. कुंपणापाशी बसून राहतात, तुम्हाला प्रश्न विचारतात, आणि बोलताना अर्धं लक्ष घोड्याकडे असतं. अशा माणसाला परत बोलवा. तीन-चारदा येऊ द्या.

त्याला एक प्रश्न मी नक्की विचारते: ‘तुमच्या हातून बिघडलेला घोडा कुठला? काय चुकलं होतं?’ ज्याने खरंच काम केलंय, त्याच्याकडे उत्तर असतं आणि ते सांगताना त्याचा आवाज बदलतो. ज्याच्या हातून कधीच काही बिघडलं नाही, त्याला माझा घोडा मी देणार नाही. शिवाय त्याच्या पशुवैद्याशी बोला आणि जमलं तर नालबंदाशी. कोणाकडचे घोडे पाय देताना थरथरतात ते नालबंदाला बरोबर माहीत असतं.

जागा बघायला स्वतः जा. तिथे सोबतीला शांत घोडा हवाच, हे तुम्ही आता जाणता. सुरुवातीचे काही आठवडे ठेवायला लहान, उंच आणि भक्कम कुंपणाचं आवार हवं. आणि मुख्य म्हणजे ‘हा कधीच पाठीवर बसू देणार नाही’ असं म्हटल्यावर त्या माणसाचा चेहरा पडत नाही ना, ते बघा. घोडा उद्या कसा होईल या आशेवर जो नेतो, तो आशा संपली की परत काढतो. आज जसा आहे तसाच पुढची पंधरा वर्षं राहिला तरी चालेल, असं म्हणणारं माणूस शोधायला वेळ लागतो. दोन महिन्यांत मिळेलच असं नाही. घरच्यांना तेवढं समजावता आलं तर समजवा, कारण त्यांची काळजी घोडा घरात असण्याची नाही, तुम्ही आत जाण्याची आहे. तुम्ही आणि मुलगी आत जाणार नाही असं पक्कं ठरलं, की मुदत लांबवायला हरकत राहू नये. तेही जमलं नाही तर जाणत्या माणसाच्या पागेत काही महिने पैसे भरून ठेवता येतो का ते पाहा.

एक गोष्ट मी सगळ्यांनाच बजावते: फुकट देऊ नका, आणि फुकट आहे असं कुठेही लिहू नका. फुकटचा घोडा घेऊन लगेच विकणारे असतात, आणि ज्याच्यावर कोणी बसू शकत नाही अशा घोड्याचा सौदा बहुतेक वेळा मांसाच्या भावाने होतो. करार कागदावर करा. साठ दिवस चाचणी, तेवढ्यात पटलं नाही तर घोडा तुमच्याकडे परत. पुढे केव्हाही ठेवता आला नाही तरी आधी तुम्हाला कळवायचं, तिसऱ्याला परस्पर द्यायचा नाही. तुम्हाला कधीतरी येऊन बघण्याची मुभा. कायद्यात हे कसं बसवायचं ते जिथल्या तिथल्या वकिलाला विचारा. माझ्या अनुभवात या कागदाचा खरा उपयोग सही करतानाच होतो: ज्याच्या मनात दुसरं काही असतं, तो इथे कुरकुर करतो.

एका रस्त्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. तपासणीत न बरं होणारं, सतत दुखणारं काही निघालं, किंवा जाणत्या माणसाने सहा-आठ महिने काम करूनही त्याला प्रत्येक माणसाच्या येण्याची दहशतच वाटत राहिली, आणि सुरक्षित घर मिळालं नाही, तर पशुवैद्याशी दयामरणाबद्दल बोलायला घाबरू नका. दारोदार फिरत दहशतीत मरण्यापेक्षा ओळखीच्या जागेत, चारा खात असताना गेलेला घोडा मी सुटला म्हणेन. तुमचा घोडा तिथवर आलेला नाही. जो चौदा वर्षांच्या पोरीच्या तळहातावरून खातो, त्याच्यात अजून पुष्कळ काही शिल्लक आहे.

त्या पोरीबद्दल. ‘तो फक्त माझं ऐकतो’ हे तिचं म्हणणं खोडून काढू नका. तिला विचारा, तो तुझं ऐकतो तेव्हा तू नेमकं काय करतेस? कुठे उभी असतेस, हात कसा असतो, किती वेळ थांबतेस? बहुधा असं निघेल की ती काहीच करत नाही, त्याच्याकडून तिला काही नको असतं. हे तिच्याच अक्षरात त्या पानावर लिहून घ्या. मग ती नव्या माणसाला तेच शिकवायला तयार होईल, आणि तुमच्यातला अबोला तिथेच सुटेल असं मला वाटतं. मात्र तोवर तिने एकटीने आत जायचं नाही. साडेचारशे किलोचं जनावर जीव घेऊन पळतं तेव्हा समोर आवडीचं माणूस आहे की फाटक, हे त्याला दिसत नाही.

जायचा दिवस ठरला की निदान दीड महिना आधी गाडी आणून आवारापाशी उभी करा. दार उघडं, आत चारा. तो चढेल तेव्हा चढेल, दार लावायची घाई करू नका. ऐन दिवशी चार जणांनी ढकलून चढवलेला घोडा नव्या घरी उतरतो तोच नव्या माणसाला शत्रू समजून. शक्य असेल तर शेवटच्या काही दिवसांत नव्या माणसाच्याच हातून चारा पडू द्या. प्रवासात तोंड उंच बांधून ठेवू नका. मान खाली नेता आली नाही तर श्वासनलिकेत धूळ आणि शेंबूड साचून छातीचं दुखणं मागे लागतं. तुमच्याकडचा चारा सोबत द्या, म्हणजे नव्यात जुना मिसळत हप्ता-दहा दिवसांत बदल करता येईल. एकदम बदलला तर पोटशूळ ठेवलेला. आवारात साधा हॉल्टर घालून मोकळा सोडू नका म्हणावं, अंग खाजवताना त्यात मागचा खूर अडकतो. आणि तो तिथे पोचल्यावर पहिले पंधरा दिवस त्याला भेटायला जाऊ नका. तुम्हाला जड जाईल. पण त्याला त्या नव्या घोड्याशी सूत जुळवू द्या. तुम्हाला फोनवर एकच गोष्ट विचारायची आहे: आडवा पडून झोपला का?

खरारा करायचा त्याचा ब्रशही सोबत द्या, आणि तो धुऊ नका.